रेनीबाईंची वही

कापोले मिशन हॉस्पिटल, उत्तर मलावी
११ एप्रिल १९९९

प्रिय डोरिका,

तुझं ईस्टरचं कार्ड मिळालं. वरचं कोकरू गोजिरं आहे, पण आत अडीच ओळी? लीड्समध्ये कागद मिळेनासा झाला की काय?

मी मात्र सविस्तर लिहिणार आहे, कारण डोकं फिरायची वेळ आली आहे. रेनीबाई परत येताहेत. आपल्या रेनीबाई, सोळा वर्षांनी. चर्चच्या कचेरीतून चिठ्ठी आली की मिस इसोबेल रेनी, वय सहासष्ट, आता निवृत्त, तुमच्या नर्सिंग शाळेत सहा महिने विनामूल्य शिकवणार आहेत, तरी राहण्याची सोय करावी. करावी म्हणे. कुठे करावी? त्यांच्या जुन्या घरात एक्सरेचं मोडकं यंत्र आणि लॅबवाल्याच्या सासूबाई राहतात. यंत्र हलवता येईल. सासूबाईंचं मी काही सांगू शकत नाही.

आठ दिवस मी वर्गात कमी आणि त्या घराच्या छपरावर जास्त आहे. सुतार सकाळी येतो, शिडी लावतो, आणि शिडी लावली एवढ्याच भांडवलावर जेवायला जातो. शाळेत सात शिक्षकांच्या जागा, त्यात आम्ही तिघी, त्या तिघींतली एक बाळंतपणाच्या रजेवर. तीन वर्षं घासून मुली तयार कराव्यात आणि त्यांनी तुझ्या मागोमाग विमानात बसावं. हा टोमणा आहे असं समज. आहेच.

पण खोटं कशाला बोलू, मनातून आनंदही आहे. आठवतं ना, बाई फळ्यासमोर उभ्या राहून सांगायच्या आणि आपण उतरवून घ्यायचो? १९७३ ची माझी ती वही अजून आहे. कव्हर तीनदा बदललं, आतलं अक्षर तेच. बाई गेल्यावर ही शाळा माझ्या गळ्यात पडली, तेव्हापासून मी त्याच वहीवरून शिकवते. दर वर्षी नव्या मुली ती उतरवून घेतात आणि मी ओळ न् ओळ तपासते. स्वल्पविराम चुकला तरी पान पुन्हा लिहायला लावते. इथे औषधं संपतात, कापूस संपतो, वीज जाते. पण कापोलेची मुलगी कुठेही गेली तरी नवजात बाळाची काळजी न अडखळता म्हणून दाखवते. बाईंनी हे एकदा बघावं एवढीच माझी इच्छा आहे.

तुझी त्यांची तिकडे भेट होते का? मागे तू नाताळात आलीस तेव्हाही विचारणार होते. पण तू बाळंतिणींच्या वॉर्डात अर्धा दिवस उभी राहिलीस आणि डोकं दुखतंय म्हणून निघून गेलीस. मग राहूनच गेलं.

तुझी,
एस्नाट


लीड्स
४ मे १९९९

प्रिय एस्नाट,

टोमणा पोचला. नेम तुझा अजून चांगला आहे.

इथे मे महिना आहे आणि मी लोकरीचे मोजे घालून हे लिहिते आहे. माझ्या वॉर्डात सगळे वयस्क पेशंट. एक आजी मला रोज जॉयस म्हणून हाक मारतात. पहिलं वर्षभर मी दुरुस्त करायचे, आता ओ देते. परवा त्या दुसऱ्या नर्सला म्हणाल्या की ही जॉयस पूर्वी फार गोरी होती.

स्कॉटलंड इथून तसं लांब आहे. बाईंचं चर्चमधल्या कोणाकडून कानावर येतं तेवढंच. त्या येताहेत हे फार बरं झालं. सासूबाईंना हलव आणि बाईंना खिडकीची खोली दे, त्यांचे गुडघे आता धड नाहीत म्हणे.

आणि एक सांगू? रागावू नकोस. सोळा वर्षांत पुष्कळ बदललं असेल. त्यांनी काही वेगळं सांगितलं तर लगेच अंगावर जाऊ नकोस. तुझा स्वभाव मला माहीत आहे. तू आधी नाही म्हणतेस, मग ऐकतेस, आणि मधल्या वेळात समोरचा माणूस अर्धमेला होतो. या खेपेला क्रम उलटा करून बघ.

वाळवलेली उसिपा मासळी कोणाबरोबर तरी पाठव. इथली मासळी खाताना मासा खातोय की पुठ्ठा ते कळत नाही.

तुझी,
डोरिका


कापोले
६ जून १९९९

प्रिय डोरिका,

आल्या.

दोन बॅगा घेऊन उतरल्या. एक कपड्यांची, दुसरीला कोणाला हात लावू देत नाहीत. केस सगळे पांढरे, पण चालणं तेच, पुढे वाकून, जणू वाऱ्याशी भांडण आहे. मुलींनी फाटकापाशी गाणं म्हटलं. बाई रडल्या, मीही रडले, सुतारसुद्धा रडला. छप्पर अर्धंच झालंय हे त्यांना कोणी सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या मानासाठी वर्ग ठेवला. विषय अर्थातच नवजात बाळ. रबरी बाहुली, अंघोळीचं घमेलं, कोमट पाणी, सगळं टेबलावर मांडलं. मुली एका सुरात म्हणत होत्या: बाळ जन्मताच नाळ कापावी, बाळाला ताबडतोब स्नान घालावं, अंगावरचा पांढरा थर साबणाने पूर्ण काढावा, कपड्यात गुंडाळून बाळांच्या खोलीत पाळण्यात ठेवावं, आईला विश्रांती द्यावी, बाळाला साखरपाणी द्यावं. एक शब्द इकडचा तिकडे नाही. माझी छाती अशी भरून आली म्हणून सांगू.

बाई मागच्या बाकावर बसल्या होत्या. वर्ग संपला तरी उठेनात. चेहरा भिंतीसारखा. मी जवळ गेले तर हळूच म्हणाल्या, "एस्नाट, हे अजून शिकवता?"

मी म्हटलं, "तुमचंच आहे, बाई. पान एकतीस."

त्या उठून निघून गेल्या. मला वाटलं प्रवासाचा शीण असेल. कसला शीण. दुसऱ्या दिवसापासून माझ्या मागे हा ताप लागला आहे. सकाळी वॉर्डात जातात आणि नर्सच्या हातातून घमेलं काढून घेतात. म्हणतात, बाळाला अंघोळ नको, पुसून कोरडं करा आणि उघडंच आईच्या छातीवर ठेवा, वरून चितेंजेचं कापड घट्ट बांधा. लहान बाळ असेल तर रात्रंदिवस, आठवडे न् आठवडे. ह्या पद्धतीला म्हणे ऑस्ट्रेलियातल्या कुठल्याशा उड्या मारणाऱ्या प्राण्याचं नाव आहे, पिल्लू पोटाच्या पिशवीत ठेवणाऱ्या. हे त्यांनी एका आजीला समजावून सांगितलं. आजी थेट माझ्या कचेरीत. म्हणाली, "मॅडम, आमची सून माणूस आहे." दुसरी म्हणाली, बाळ पाठीवर बांधतात, पुढे भाजीची टोपली बांधतात. त्यात बाईंची तुंबुका भाषा. बाळ छातीशी बांधा म्हणायचं तर तीन दिवस त्या 'बाळ दाराशी बांधा' म्हणत होत्या. तू हस. मला हसू येत नाही.

मुली दोन वह्या ठेवायला लागल्यात, एक माझ्यासाठी, एक बाईंसाठी. परीक्षेत काय लिहायचं ते मला विचारतात. आणि आता बाईंनी वॉर्डाची जुनी जन्मनोंदीची रजिस्टरं मागून घेतली आहेत. दुपारभर व्हरांड्यात बसून काहीतरी उतरवतात. चहा नेऊन ठेवला तर गार होतो.

सांग, माणसाने आपलंच शिकवलेलं असं मोडीत का काढावं?

तुझी,
एस्नाट


लीड्स
२८ जून १९९९

प्रिय एस्नाट,

दाराशी बांधलेल्या बाळावर मी इतकी हसले की शेजारीण विचारायला आली.

पण तुझ्यावर वैतागलेही आहे, हे स्पष्टच लिहिते. सहासष्ट वर्षांची बाई, दुखरे गुडघे घेऊन, अर्ध्या छपराखाली राहते ती काय तुझा अपमान करायला? त्या नव्वद टोप्या विणायला तिने अख्खा हिवाळा घालवला. बोटं सुजली होती. असं माणूस उगीच करतं का? इथे आता सगळीकडे तसंच करतात, एस्नाट. बाळाला पहिल्या दिवशी कोणी धूत नाही. कापोलेत जून-जुलैत कसा गारठा असतो, झिरमिर थांबत नाही, वॉर्डाच्या खिडक्या लागत नाहीत, हे मी तुला सांगायला हवं?

एक महिना करून बघ. नाही पटलं तर तुझी वही तुझ्यापाशी आहेच.

तुझी,
डोरिका


कापोले
२० जुलै १९९९

न्याचिर्वा,

रागावले आहे, म्हणून माहेरच्या कुळाच्या नावाने हाक मारते आहे. नव्वद टोप्या? मी तुला टोप्यांचं एक अक्षर लिहिलेलं नाही. ती टोप्यांची बॅग उघडली गेली तेव्हा माझं पत्र टपालात पडून आठवडा झाला होता. आणि बाईंची बोटं सुजली होती हे चर्चमधल्या कोणाच्या डोळ्यांनी पाहिलंस?

त्याचं उत्तर तू देशीलच. आता इथे काय झालं ते ऐक.

बुधवारी प्रार्थनेनंतर आमची सगळ्यांची बैठक असते. नर्स, मुली, मेट्रन, वॉर्डातल्या मावश्यासुद्धा. बाईंनी बोलायला परवानगी मागितली, मी दिली. त्यांनी कागद काढला. गेल्या पाच वर्षांतल्या जून, जुलै, ऑगस्टमधल्या चार पौंडांच्या आतल्या बाळांची नोंद वाचून दाखवली. किती जन्मली, तिसऱ्या दिवशी किती उरली. मी आकडे लिहीत नाही, हात उचलत नाही. मग चष्मा काढून म्हणाल्या, "ही चूक मुलींची नाही. एस्नाटचीही नाही. मी शिकवलं होतं, आणि मी चुकीचं शिकवलं होतं. बाळं गारठून गेली."

सगळ्या माझ्याकडे बघत होत्या. सोळा वर्षं त्या पान एकतीससाठी मी मुलींच्या बोटांवर पट्टी मारली आहे. मी उभी राहिले आणि म्हटलं, "बाई, तुम्ही चुकलात तर तुम्हाला घरी जाता येतं. मी कुठे जाऊ?"

त्यांनी कागदाची घडी घातली. दुपारी मात्र कचेरीत आल्या आणि म्हणाल्या, आणखी मागची रजिस्टरं हवीत, सत्तरच्या पुढची सगळी. मी नाही म्हटलं. त्या म्हणाल्या, मला माझ्या काळातलं बघायचंय. मी पुन्हा नाही म्हटलं. सत्त्याहत्तरच्या रजिस्टरात काय आहे ते त्या विसरल्या असतील, तू विसरली नसशील. जुलै महिना, आई एस्नाट कुम्वेंडा, नर्स. मुलगी. तीन पौंड चार औंस. दुसऱ्या दिवशी सकाळी मृत्यू. नाव लिहायला जागाच नसते त्या रकान्यात, पण नाव आम्ही ठेवलं होतं, लुसुंगु.

आज बावीस वर्षं मी स्वतःला सांगत आले की सगळं नियमाप्रमाणे झालं, कोणी कशात कमी केलं नाही, देवाची इच्छा. आता ही बाई समुद्रापलीकडून येऊन सांगते की नियमच चुकीचा होता. ते तिने मला सांगायचं आणि मी टिपून घ्यायचं?

वर्गखोलीची किल्ली मी काढून घेतली आहे. बाईंना लेखी कळवलं की परीक्षा होईपर्यंत त्यांचे वर्ग बंद. कोणाला काय म्हणायचं ते म्हणू दे.

एस्नाट


लीड्स
१२ ऑगस्ट १९९९

प्रिय एस्नाट,

हे पत्र मी चारदा फाडलं. आता जसं येईल तसं लिहिते.

बाईंना मी पाठवलं.

सत्त्याण्णवच्या मार्चमध्ये इथल्या हॉस्पिटलात माझ्या लेकीला, वेझीला, दिवस भरायच्या आधी मुलगी झाली, साडेतीन पौंडांची. मी तिथे होते. त्या पोरसवदा नर्सने बाळ पुसलं, वेझीच्या सदऱ्याची बटणं सोडली आणि उघडं बाळ तिच्या छातीवर ठेवलं. मी ओरडले. आधी अंघोळ घाला म्हटलं, मी नर्स आहे म्हटलं, पान एकतीस पाठ म्हणून दाखवलं. तिने मला खुर्चीत बसवून सगळं समजावलं, मी विद्यार्थिनी असल्यासारखं. माझी नात आता अडीच वर्षांची आहे आणि घरातल्या सगळ्यांना मारते.

त्याच वर्षी नाताळात मी कापोलेला आले. तुझ्या वॉर्डात उभी राहिले. एक बाळ धुऊन, चकचकीत करून खोलीत नेलं, ते निळसर पडत गेलेलं मी पाहिलं. माझं डोकं दुखत नव्हतं, एस्नाट. मला तुला तोंड दाखवता येत नव्हतं.

तुला कसं सांगणार होते? तू माझं ऐकलं असतंस? म्हणाली असतीस, ही पळून गेली आणि आता आम्हाला शिकवायला आली. तुला एकाच माणसाचं म्हणणं खरं वाटतं. म्हणून मी त्या माणसाला शोधलं. एडिनबरोला गाडीने गेले, तीनदा. पहिल्यांदा त्यांचा विश्वासच बसेना. म्हणाल्या, इतकी वर्षं कोण माझ्या शब्दाला चिकटून बसेल? मी म्हटलं, एस्नाट. तिसऱ्या खेपेला गेले तेव्हा त्या टोप्या विणत होत्या.

आता दुसरं. मी हॉस्पिटलात नाही. कधीच नव्हते. आपला दाखला इथे चालला नाही. मी म्हाताऱ्यांच्या आश्रमात आहे, त्यांना उठवते, धुते, भरवते. दहा वर्षं तुला 'वॉर्ड' लिहीत आले.

आणि तिसरं, ते लिहायला पेन चालत नाही. लुसुंगुला अंघोळ मी घातली. माझी ड्यूटी होती. पलंगावरून तुला अंघोळीचं टेबल दिसत नसेल असं मी इतकी वर्षं धरून चालले. मी पाणी कोपराने दोनदा पाहिलं, कोमट होतं. साबण थोडा घेतला. तिने जांभई दिली. मग मी तिला गुंडाळून खोलीत नेलं, कारण तसं लिहिलं होतं. सगळं बरोबर केलं मी.

म्हणून मी तुला सांगू शकले नाही.

डोरिका


लीड्स
२० सप्टेंबर १९९९

एस्नाट,

पाच आठवडे झाले. शिव्या दे, पण लिही. तुझ्या गप्प बसण्यापेक्षा तुझे टोमणे परवडले. बाईही मला काही लिहीत नाहीत. तुम्ही दोघींनी संगनमत केलंय की एकमेकींचा जीव घेतलाय?

डोरिका


कापोले
१० ऑक्टोबर १९९९

प्रिय डोरिका,

जीव कोणाचा गेलेला नाही. उत्तर लिहायला बसले की राग यायचा, मग कागद बाजूला ठेवायचे. रागाचं एक ठिकाण असतं तर बरं झालं असतं. तुझ्यावर यायचा, तो बाईंवर जायचा, तिथून वहीवर, मग माझ्यावर. दुपारपर्यंत मी दमून जायचे.

आधी घडलेलं सांगते.

मी बाईंचे वर्ग बंद केले तर त्या रुसून घरी बसतील असं मला वाटलं होतं. दुसऱ्याच दिवशी त्या पेशंटच्या नातेवाइकांच्या स्वयंपाकशेडमध्ये जाऊन बसल्या. तिथे माझी किल्ली चालत नाही. चुलीभोवती आज्या मक्याच्या पिठाचा सिमा घोटत बसलेल्या, आणि मधोमध आपल्या बाई, मांडीवर एक थोरलं रताळं, रताळ्याला विणलेली टोपी. ते रताळं छातीशी उभं धरून चितेंजे कसं बांधायचं ते दाखवत होत्या. ड्रायव्हर लोक बघायला जमले. मी खिडकीतून बघत होते आणि दात खात होते. आठवड्याभरात त्या आज्यांनी मूळ म्हणणं बदललं. त्यातली सगळ्यात भांडखोर म्हणाली की हे काही नवीन नाही, आमची आजी असंच करायची, ह्या नर्सांनीच बंद पाडलं. खरं-खोटं देव जाणे. पण बाई लगेच म्हणाल्या, हो, आम्हीच बंद पाडलं, आणि त्या दिवसापासून म्हाताऱ्यांनी त्यांना आपल्यात घेतलं.

तीन ऑगस्टला सकाळी डोंगरापलीकडच्या गावाहून एक मुलगी आली. सायकलच्या मागे बसून, पावसात, कळा देत. आठव्या महिन्यातच बाळंत झाली, वार अडकली, रक्त थांबेना. तिला शस्त्रक्रियेला नेलं. बाळ तीन पौंडांचं, मुलगी. बरोबर फक्त नवरा, तोही चिंब भिजून थरथरणारा. सासू गावाहून निघालेली, पोचायला संध्याकाळ होणार. वीज गेलेली, बाळांच्या खोलीतला हीटर बंद. शिकाऊ मुलगी तिओंगे बाळ टॉवेलात धरून उभी. एका बाजूला अंघोळीचं घमेलं, एका बाजूला मी. ती पोर आळीपाळीने दोन्हीकडे बघत होती.

बाई धावत आल्या, त्या जेवढ्या धावू शकतात तेवढ्या. ब्लाउजच्या गुंड्या सोडायला लागल्या आणि थांबल्या. स्वतःच्या गळ्याला हात लावून पाहिला. मग मला म्हणाल्या, "माझं अंग थंड आहे, एस्नाट. तुझं दे."

सगळा वर्ग तिथे होता. मी मुख्याध्यापिका, पांढरा गणवेश, छातीवर बिल्ला. मी बिल्ला काढून तिओंगेच्या हातात दिला.

चार तास बसले. पहिला अर्धा तास ती बर्फाच्या तुकड्यासारखी होती, आणि श्वास घ्यायचं विसरायची. विसरली की बाई तिच्या पाठीवरून बोट फिरवायच्या. मग कधीतरी, मला कळलंही नाही कधी, ती कोमट झाली. मग तिने पाय ताणला. बेडकासारखा, माझ्या फासळीला. मी मुलींना म्हटलं, बघत काय उभ्या आहात, लिहून घ्या. बाई हसल्या. मी नाही.

आई जगली. तिच्या सासूने आणि तिने आळीपाळीने बाळ बांधलं. साडेपाच आठवड्यांनी घरी गेली, सव्वाचार पौंडांची. नाव तिओंगे ठेवलंय, आता ती शिकाऊ पोर जमिनीवर चालत नाही.

पान एकतीस मुलींनी लाल शाईने खोडलं, मीच खोडायला लावलं. वही मात्र मी फाडू दिली नाही, बाकीचं पुष्कळसं बरोबर आहे. कपाट आवरताना आरोग्य खात्याचं नवीन पुस्तक मिळालं, दोन वर्षांपूर्वी आलेलं. त्यात हे सगळं लिहिलं आहे. मी शिक्का मारून ठेवून दिलं होतं. सरकारी परीक्षेतही तेच विचारलं जाणार होतं. तेव्हा मुली नापास माझ्या वहीने झाल्या असत्या, बाईंच्या नव्हे. हे मी कोणाला सांगितलेलं नाही, तूही सांगू नकोस.

आणि सत्त्याहत्तरचं रजिस्टर मी स्वतः बाईंना नेऊन दिलं. त्यांनी ती ओळ वाचली. मग म्हणाल्या की इतकं लहान बाळ, ते छातीवर ठेवूनही गेलं असतं कदाचित, आता सांगता येत नाही. मी म्हटलं, नका सांगू. ह्या खेपेला चहा दोघींचाही गार झाला. बाईंनी मुक्काम मार्चपर्यंत वाढवला आहे, मला न विचारता. लॅबवाल्याची सासू परत आली आहे, तीही मला न विचारता. एकाच घरात राहतात आणि माझ्या चुगल्या करतात.

आता तुझं. आश्रमाचं मला तुझ्या धाकट्या भावाने सहा वर्षांपूर्वीच सांगितलं होतं. तुला वाटतं तेवढी तू चांगली खोटं बोलत नाहीस. बाईंना पाठवलंस ते बरोबर केलंस, पण पुढच्या वेळी मला लिही. ऐकणार नाही, तरी मलाच लिही.

आणि अंघोळ तू घातलीस हे मला माहीत आहे. मी पलंगावरून बघत होते. तुला कोणी सांगितलं दिसत नव्हतं म्हणून? तू कोपर दोनदा बुडवलंस तेही पाहिलं, आणि तेव्हा वाटलं, बरं झालं, डोरिका आहे, दुसरी कोणी असती तर एकदाच बुडवलं असतं. त्यासाठी मी तुझ्यावर एक दिवसही रागावले नाही. आताही नाही.

राग येतो तो वेगळाच. त्या चार तासांत मी काही मोठा विचार केला नाही. एवढंच सारखं डोक्यात येत होतं की ह्याला काहीच लागत नाही. वीज नाही, औषध नाही, कोणाचं विमान नाही. गुंड्या सोडायच्या आणि बसून राहायचं, बस. आणि सत्त्याहत्तरच्या त्या दिवशी मी तिथेच होते, डोरिका. ताप नव्हता, अंग गरम होतं, दोन्ही हात मोकळे होते. माझ्या पलंगापासून तिचा पाळणा भिंतीपलीकडे होता, आणि मी नियमाप्रमाणे विश्रांती घेत होते.

तुझी,
एस्नाट